पाहुण्या संघाचा साफा

“हिला येऊ द्या, सर. ही काही बोलत नाही.”

माझी धाकटी बहीण मिनीबसच्या पायरीवर उभी राहून तिच्या कोचला सांगत होती. मी तिच्यामागे खाली रस्त्यावर, पाण्याची बाटली छातीशी धरून. तिने हे मला ऐकू जाईल असंच म्हटलं, पण माझ्याकडे बघून नाही. घरच्या मांजराची खात्री द्यावी तसा तिचा सूर होता.

रविवारची सकाळ होती, इंदूरच्या परदेशीपुऱ्याचा चौक नुकता जागा होत होता. पोह्यांच्या दुकानाची वाफ बसच्या काचेपर्यंत येत होती. कोचने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मॅचला जाताना घरचं कुणी बरोबर आणायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि तो उगाच केलेला नव्हता. एकदा एका मुलीच्या आईने हाफटाइमला सगळ्या टीमला गाजराचा हलवा खाऊ घातला होता, त्यानंतर कुणालाही धावता येईना. आणखी एकदा एकीचे वडील मोबाइल घेऊन मैदानात शिरले आणि ऑफसाइड नव्हता हे रेफरीला व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवत बसले. कोच स्वतः जुन्या मिल कामगाराच्या घरातले, याच चौकामागच्या मैदानावर वाढलेले. त्यांचं म्हणणं असं होतं की घरचे आले की पोरी घरच्यासारख्या खेळतात.

“घरची म्हणून नाही येत ती,” बहीण म्हणाली. “फॅन म्हणून येतेय.”

“कुणाची?”

“आपल्या टीमची.”

“आपली फॅन?” कोचने विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कुतूहल होतं. बाहेरगावच्या मॅचला स्वतःहून येणारा माणूस या टीमने आजवर पाहिला नव्हता. त्यांनी मला ड्रायव्हरशेजारची सीट दिली आणि बर्फाचा डबा मांडीवर ठेवला. फॅन आहे तर बर्फ तरी सांभाळेल, एवढंच ते म्हणाले.

मी बोलत नाही हे खरं आहे. आमच्या घरात मराठी, शाळेत सक्तीची इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. बहिणीने या तिन्हींची सरळ एक भेळ केली आणि ती तशीच सगळीकडे वापरते. मला ते जमलं नाही. कुणी काही विचारलं की उत्तर कुठल्या भाषेत द्यावं हे मी ठरवत बसते, आणि ठरेपर्यंत समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो. ऑफिसमध्ये याचा फायदा होतो, लोक मला गंभीर समजतात. विजय नगरच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर मी दिवसभर स्क्रीनकडे बघते, मीटिंगमध्ये मान हलवते, आणि माझं चांगलं चाललं आहे.

बहिणीचं बोलणं मात्र सकाळी डोळे उघडायच्या आधी सुरू होतं. दात घासताना ती बोलते, आंघोळ करताना दाराआडून बोलते, मी कानात हेडफोन घातले तर हातवारे करून बोलते. फुटबॉलही तिला असाच लागला. लहानपणी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधे ती उभी राहायची आणि मी बॉल मारायचे. माझे फटके काही खास नसत. ती मात्र प्रत्येक बॉल अडवताना स्वतःच कॉमेंट्री करायची: आला, आला, डावीकडून आला, हा घेतला. वरच्या मजल्यावरचे आजोबा खिडकी लावून घ्यायचे. एवढ्या वर्षांत मी तिच्यासमोर पेनल्टी मारणारी पहिली आणि सगळ्यात जास्त वेळा हरलेली खेळाडू आहे. तिच्या खेळातलं मला जे कळतं ते तिथून आलेलं आहे.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं, ते मला आठवडाभर प्रत्येक जेवणाला ऐकवण्यात आलं होतं. टीमची नेहमीची गोलकीपर स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला गेली होती. दोन सीझन बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या माझ्या बहिणीला पहिल्यांदा गोलमध्ये उभं राहायचं होतं, तेही सेमीफायनलला. कोचने तिला स्पष्ट सांगितलं होतं: आज नीट खेळलीस तर फायनलही तुझी, नाहीतर लग्नाहून आलेली परत उभी राहील. यावर घरी आईबाबा म्हणाले, आम्ही येतो. ती म्हणाली, आलात तर मी बसमधून उतरणारच नाही. मग आईने माझ्याकडे बघितलं. अशी मी फॅन झाले.

धार रोडला लागेपर्यंत ती मागच्या सीटवर बसून सगळ्या बसला हसवत होती. मग हळूहळू तिचा आवाज येईनासा झाला. मी ड्रायव्हरच्या आरशात पाहिलं. ती खिडकीला टेकून हातमोज्याची पट्टी काढत होती, लावत होती. चर्र, परत चर्र. ती घाबरली की बोलत नाही. दातांच्या डॉक्टरकडे असं झालं होतं, बोर्डाच्या रिझल्टच्या दिवशी असं झालं होतं. बाकी कुणाला हे माहीत नाही, कारण ती घाबरल्याचे प्रसंग फार नाहीत.

गाव लहान होतं, पण स्टेडियम होतं. फाटकावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला धान्य मंडईची भिंत, आणि एका गोलच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने लावलेल्या. त्यांत सतरंज्या टाकून अख्खी कुटुंबं बसली होती. हीच तिथली महागडी जागा, असं मला वाटलं, कारण तिथे शेंगदाणे आणि ऊस वाटला जात होता. मैदानावर चुन्याची ताजी रेघ होती. कॉर्नरजवळ कडुनिंबाचं झाड होतं, त्याची एक फांदी रेषेच्या आत आलेली. कोचने रेफरीला विचारलं, बॉल फांदीला लागला तर? रेफरी म्हणाला, फांदी यहीं की है, दोनों टीम के लिए बराबर. कोचला हे पटलं. मलाही पटलं.

मला हे सगळं फार आवडलं. टीव्हीवर मी मोठाली स्टेडियम पाहिली आहेत, रात्री दिव्यांनी उजळलेली. पण तिथे कुणी गोलच्या मागे बसून मेथी निवडत नाही.

मी पायऱ्यांच्या टोकाला, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी जागा बघून ठेवली होती. तेवढ्यात संयोजकांपैकी तिघे ताट घेऊन आले. ताटात कुंकू, नारळ, हार आणि घडी केलेला लाल साफा. बाहेरून आलेल्या टीमच्या मॅनेजरला स्टेजवर बसवून साफा बांधायचा, ही त्यांची पद्धत. मॅनेजर कोण, असं त्यांनी विचारलं.

आमच्या टीमला मॅनेजर नाही. कोच आहेत, पण एकदा स्टेजवर बसलं की मॅच संपेपर्यंत उतरू देत नाहीत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे दरवेळी ते ड्रायव्हरला पाठवतात. ड्रायव्हरकडे आता इतके साफे जमले आहेत की त्याच्या मुलाच्या लग्नात वऱ्हाडाला पुरतील, असं मुली म्हणतात. आज नेमका तो टायर बघायला गेला होता. कोचची नजर सगळ्या टीमवरून फिरली आणि बर्फाच्या डब्यावर येऊन थांबली.

“जा बेटा,” ते मला म्हणाले. “नुसतं बसायचं असतं.”

मी नाही म्हणणार होते. कुठल्या भाषेत म्हणावं ते ठरवत होते. तेवढ्यात माझ्या कपाळावर कुंकू लागलं.

साफा बांधायला बराच वेळ लागतो. एक काका माझ्याभोवती फिरत होते, दुसरे कापड ताणून धरत होते, आणि ट्रॉल्यांमधले लोक मन लावून बघत होते. चष्म्याची काडी आत की बाहेर यावर थोडी चर्चा झाली. शेवटी बाहेर ठरलं. मैदानात वॉर्मअप करणारी आमची टीम थांबली आणि सगळ्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागल्या. बहीण हसली नाही. ती गोलच्या दोन खांबांमध्ये उभी होती आणि हातमोज्याची पट्टी काढत होती, लावत होती.

स्टेजवर माइक होता आणि माइकमागे एक गृहस्थ होते. गावात मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा त्यांचा होता. माइक त्यांचा स्वतःचा असल्यामुळे तो त्यांच्याकडून कुणी घेऊ शकत नव्हतं. त्यांनी माझं स्वागत केलं ते “इंदौर से पधारीं मैनेजर मैडम” असं. थोड्या वेळाने मी वरिष्ठ मॅनेजर झाले. मॅच सुरू होईपर्यंत मी माजी राष्ट्रीय खेळाडू होते. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, पण साफा घातलेल्या माणसाने मान हलवली की ती लांबून नम्रता दिसते. टाळ्या वाजल्या. हाफटाइमला मॅडम आपल्याला दोन शब्द सांगतील, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत गावच्या टीमच्या सेंटर फॉरवर्डची आई बसली होती. मॅचनंतरच्या जेवणाची जबाबदारी तिच्याकडे होती, म्हणून तिलाही स्टेजवर मान. हातात मोठा झारा होता, तो ती खाली ठेवायला विसरली होती. तिने मला ऊस दिला, मुलीचं लग्नाचं वय होत आलं आहे पण ती बूट सोडून दुसरी खरेदी करत नाही असं सांगितलं, आणि माझं झालं का विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती मला आणखी ऊस देत राहिली.

मॅच सुरू झाली आणि त्या झाऱ्याने हवेत डावी-उजवीकडे सूचना द्यायला सुरुवात केली. तिची मुलगी जोरदार होती. पण आमच्याही मुली चांगल्या खेळत होत्या. पास नीट जात होते, आमच्या उजव्या बाजूच्या मुलीने मंडईच्या भिंतीजवळून दोनदा अशी धाव घेतली की गावचेच लोक वा म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं. मी ऊस चावला.

गोल आमच्यावर झाला तो कॉर्नरवरून. बॉल उंच आला, झाडाच्या फांदीला चाटून बहिणीच्या आणि तिच्यापुढे बचावाला उभ्या असलेल्या स्टॉपरच्या बरोबर मधे पडायला लागला. असा बॉल गोलकीपरने ओरडून मागायचा असतो. “मेरी” एवढा एक शब्द. मग स्टॉपर बाजूला होते आणि गोलकीपर उडी मारते. बहिणीने तोंडच उघडलं नाही. स्टॉपरला वाटलं ती येईल, हिला वाटलं स्टॉपर मारेल. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि झाऱ्यावालीच्या मुलीने मधे येऊन डोकं लावलं.

ट्रॉल्या उभ्या राहिल्या. स्टेज हललं. माझ्या शेजारची बाई नाचून आली, बसली, आणि मग माझ्याकडे बघून तिला वाईट वाटलं असावं. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “लड़की अच्छी है तुम्हारी. पर गूँगी है क्या?”

मी काय बोलणार. माझ्या डोक्यावर त्यांचाच साफा होता.

पण त्या प्रश्नाने मला आत कुठेतरी भयंकर राग आला. गूँगी? जिच्यामुळे आमच्या घरी टीव्हीचा आवाज कधी पुरला नाही, ती? त्यानंतर हाफटाइमपर्यंत मी बॉलकडे पाहिलंच नाही, फक्त तिच्याकडे पाहिलं. ती काही वाईट खेळत नव्हती. एक जमिनीलगतचा फटका तिने सुरेख अडवला. पण प्रत्येक वेळी गप्प. समोरच्या मुलींना मागून कोण येतंय ते सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्या सारख्या मागे वळून बघत होत्या, आणि वळून बघण्यात बॉल जात होता. कोच रेषेवरून ओरडत होते, “बोल बेटा, पीछे से बोल!” तिला ते ऐकूच जात नव्हतं. ती कोचचा आवाज रोजच ऐकते.

शिट्टी वाजली. दोन्ही टीम पाणी प्यायला स्टेजसमोर येऊन बसल्या. बहीण सगळ्यांपासून वेगळी, गोलच्या खांबाजवळ बसली. कोच तिच्याकडे गेले, वाकून काही म्हणाले, तिने मान हलवली. ती मान मी ओळखते. अर्थ असा की ऐकलं नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या हाफमध्ये माझी बहीण इतकी बोलली की रेफरीने एकदा खेळ थांबवून तिला जरा हळू म्हणून सांगितलं. ती आमच्या मुलींना नावं घेऊन हाका मारत होती, पुढे पाठवत होती, मागे ओढत होती, मधूनच स्वतःची कॉमेंट्री करत होती, आणि एका कॉर्नरला “मेरी!” असं ओरडून तिने झाडावरचे पोपट उडवले. बॉलही घेतला. आमच्या उजव्या बाजूच्या त्याच मुलीने बरोबरी केली. मग पेनल्टी झाल्या. शेवटची पेनल्टी मारायला झाऱ्यावालीची मुलगी आली आणि माझी बहीण तिच्याशीही बोलायला लागली, इथे मारणार ना, मला माहितीये, इथेच. तिने तिथेच मारला. बहिणीने तो अडवला. मी साफ्यासकट स्टेजवरून उडी मारली आणि बर्फाचा डबा सांडला.

हरल्यावर त्या गावाने आम्हाला पंगतीत बसवून दाल आणि कणकेचे बाफले वाढले. झाऱ्यावालीने माझ्या बाफल्यावर तूप ओतताना हात आखडता घेतला नाही, आणि बहिणीच्या पानाजवळ येऊन म्हणाली, आता तरी गप्प बस, खा. परतताना बसमध्ये कोच पुढच्या सीटवर झोपले. त्याआधी त्यांनी मागे न बघता बहिणीला एवढंच सांगितलं की फायनलला हातमोजे धुऊन आण, वास येतो. तेवढ्यावर ती इंदूर येईपर्यंत बोलत होती. चौकात उतरताना ड्रायव्हर माझ्या साफ्याकडे हावरेपणाने बघत होता, पण मी तो दिला नाही.

हे सगळं झालं, पण त्याच्या आधी हाफटाइम होता आणि माइक होता.

त्या गृहस्थांनी माझं पुन्हा एकदा कौतुक केलं, या वेळी माझ्या खात्यावर काही पदकंही जमा केली, आणि माइक माझ्या उंचीला खाली केला. अब मैडम दो शब्द कहेंगी. पायऱ्या शांत झाल्या. ट्रॉल्यांमधल्या बायकांनी पोरांना गप्प केलं. मी जागची उठले, साफा एका कानावर आला. हिंदीत आभार मानायचे, संयोजकांचं नाव घ्यायचं, खाली बसायचं, एवढं मी मनात जुळवलेलं होतं. माझा पहिला श्वास भोंग्यातून सगळ्या मैदानावर गेला आणि मंडईच्या भिंतीवरून परत आला. तो ऐकून खांबाजवळ बसलेल्या बहिणीने मान वर केली. तिचा हात हातमोज्याच्या पट्टीवर होता. कुठल्या भाषेत बोलावं हे त्या वेळी मी ठरवलं नाही.

“अगं, घरी माझं डोकं खातेस ना? तसंच बोल इथे. अख्ख्या गावाला ऐकू जाऊ दे.”